स्वयंचलित सीट बेल्ट

मोटारीचा दरवाजा लागला किंवा किल्ली फिरली, की बसणाऱ्याच्या अंगावर आपोआप येणाऱ्या सुरक्षापट्ट्याला स्वयंचलित सीट बेल्ट म्हणतात. असे पट्टे १९७५ ते १९९५च्या सुमारास मुख्यतः अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींत असत. नव्या गाड्यांतून ते केव्हाच गेले. त्यांच्यानंतर टिकून राहिलेला पट्टा हाताने लावायचा असतो. मात्र बकलचा ‘खट्’ आवाज झाल्यावर पुढचे सगळे, म्हणजे सैल भाग गुंडाळणे, धक्का ओळखणे, अडकणे, ताणणे आणि गरजेपुरते सोडणे, तो कुणाला न विचारता करतो. पुण्यातल्या मोटारींत हा दुसरा प्रकार आहे. त्याला माणसाकडून लागणारा तेवढा एक ‘खट्’ चुकवण्यासाठी इथे जी कल्पकता खर्च होते, तीही या नोंदीत घ्यायला हवी.

अमेरिकेतला प्रयोग

तीन ठिकाणी बांधलेला, छाती आणि कंबर दोन्ही धरणारा पट्टा व्होल्व्हो कंपनीचे स्वीडिश अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये मोटारीत आणला, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही वापरू दिले. पट्टा उत्तम होता, पण तो लावणारे थोडे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये सरळ कायदा करून तो सक्तीचा केला. अमेरिकेने सक्तीचे काम यंत्रावर सोपवून पाहिले. १९७४च्या मॉडेलांत ‘इंटरलॉक’ आला : पुढे बसलेल्यांनी पट्टे लावल्याशिवाय इंजिन सुरूच व्हायचे नाही. सीटखालच्या संवेदकाला वजन कळे, माणूस कळत नसे. शेजारच्या सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी हटून बसे. लोक इतके संतापले, की तिथल्या संसदेने त्याच वर्षी कायदा करून ही सक्ती काढून टाकली आणि आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजणारा बझरही सक्तीचा करता येणार नाही, अशी तजवीज केली.

मग राहिला एकच मार्ग, पट्ट्यानेच माणसाकडे जायचे. फोक्सवागनने १९७५च्या रॅबिट मोटारीत (युरोपात तीच गोल्फ) खांद्याच्या पट्ट्याचे एक टोक दरवाजाला बांधले. दार उघडले की पट्टा बाजूला, लावले की छातीवर. कमरेचा पट्टा नव्हता; त्याऐवजी गुडघ्यांपुढे मऊ फळी होती. १९८१च्या टोयोटा क्रेसिडामध्ये मोटर आली. दाराच्या चौकटीवरच्या रुळातून पट्ट्याचे टोक पुढून मागे सरकत येई आणि खांद्याला पट्टा बसे. या मोटरवाल्या प्रकारात कमरेचा पट्टा मात्र वेगळा आणि हाताने लावायचा असे.

या पट्ट्यांची खरी भरभराट झाली ती एका नियमामुळे. बसणाऱ्याने काही न करता संरक्षण मिळालेच पाहिजे, हा नियम १९७७ मध्ये झाला, १९८१ मध्ये रेगन सरकारने तो मागे घेतला, १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मागे घेण्याची ती कृती मनमानी ठरवली आणि १९८४ मध्ये वाहतूकमंत्री एलिझाबेथ डोल यांनी तो टप्प्याटप्प्याने लागू केला : १९८७च्या मॉडेलांपैकी १० टक्के गाड्यांपासून सुरुवात, १९९०च्या मॉडेलांपर्यंत सगळ्या. एअरबॅग बसवा किंवा स्वयंचलित पट्टा, निवड उत्पादकाची. पट्टा स्वस्त पडे, म्हणून अनेकांनी तोच घेतला. थोडक्यात, जीव वाचवण्याची उत्तम रीत म्हणून हा पट्टा निवडला गेला नव्हता. नियम पाळण्याची ती स्वस्त रीत होती. त्याचे पुढे जे झाले त्याचे मूळ इथे आहे.

खांद्यावरचा पट्टा आपोआप आला, की बऱ्याच जणांना काम झाले असे वाटे आणि कमरेचा पट्टा तसाच पडून राही. टक्कर झाली की कंबर मोकळी असल्याने शरीर खाली आणि पुढे घसरे, आणि खांद्याचा पट्टा मानेशी येई. दरवाजाला बांधलेल्या प्रकारात टकरीत दारच उघडले तर पट्ट्याचा उपयोग संपला. शिवाय आत शिरताना तो अंगात अडके, म्हणून लोक तो सोडवूनच ठेवत. १९९१च्या कायद्याने १९९८च्या मॉडेलांपासून मोटारींत पुढच्या दोन्ही एअरबॅग अनिवार्य केल्या, आणि त्याच्या आधीच हे रुळावरचे पट्टे बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले.

आजच्या पट्ट्याची यंत्रणा

दाराजवळच्या खांबात खाली रीळ असते. त्यातली स्प्रिंग पट्टा सतत हलके ओढून धरते, म्हणून डॅशबोर्डापर्यंत वाकता येते. रिळाला लॉक करणारे संवेदक दोन. पहिला गाडीची गती पाहतो : वाटीत ठेवलेली पोलादी गोळी, जी जोराचा ब्रेक बसला किंवा गाडी कलंडली की सरकते आणि दात्यात खिट्टी अडकवते. दुसरा खुद्द पट्ट्याची गती पाहतो. पट्टा झटक्यात ओढला की तो लॉक होतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. १६ नुसार गाडीची गतिमंदता गुरुत्वीय त्वरणाच्या ०.४५ पटीला पोहोचेपर्यंत रीळ लॉक झालेच पाहिजे. तसेच ते १२ अंशांपर्यंतच्या कलाला लॉक होऊ नये आणि २७ अंशांच्या पुढे व्हायलाच हवे. मधल्या अंशांत उत्पादकाची मर्जी.

सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पट्टा अडकतो, ही तक्रार पुण्यात नेहमीची. तिचे उत्तर या मधल्या अंशांत आहे. रॅम्पचा कल दहाएक अंशांचा, त्यात उतरताना ब्रेक दाबलेला. गोळीला दोन्हींची बेरीज जाणवते. पट्टा बिघडलेला नसतो. तो थोडा आत जाऊ द्यावा, मग सावकाश ओढावा. हिसडे दिले तर दुसरा संवेदकही अडून बसतो.

टक्कर झाल्यावरचा भाग इंजिनियरांच्या खऱ्या अभिमानाचा. एअरबॅगचे नियंत्रक यंत्र इशारा देते आणि प्रीटेन्शनर या पट्टा आवळणाऱ्या यंत्रातली थोडीशी स्फोटक दारू पेटून पट्टा साधारण १० ते १५ सेंटिमीटर आत खेचला जातो. हे होते सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणजे शरीर पुढे सरकू लागण्याच्या आत. मर्सिडीजने एअरबॅगच्या जोडीने हे यंत्र १९८१ मध्ये एस-क्लासमध्ये दिले. पट्टा तसाच घट्ट राहिला तर फासळ्या मोडतील, म्हणून रिळाच्या आतली लोखंडी दांडी ठरावीक भारानंतर पिळत जाते आणि पट्टा मोजून सोडते. याला लोड लिमिटर म्हणतात. हा भार सहसा ४०० ते ६०० किलोच्या वजनाएवढा ठेवलेला असतो. २००२ पासून मर्सिडीजच्याच गाड्यांत विजेच्या मोटरवर चालणारा प्रकारही आला. त्यात धोक्याचा ब्रेक लागला की पट्टा आधीच आवळतो, टक्कर टळली तर पुन्हा सैल होतो.

एअरबॅग हे सगळे गृहीत धरून बेतलेली असते. पट्टा नसेल तर ती फुगत असतानाच माणूस तिच्यावर जाऊन आदळतो. शिवाय ती एकदाच फुगते आणि लगेच रिकामी होते. पट्टा मात्र दुसऱ्या-तिसऱ्या धडकेतही अंगाला धरून राहतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी चाळीसहून अधिक वाहने एकमेकांवर आदळली. अशा साखळी अपघातात हा फरक फार मोठा असतो.

पुणे आणि सीट बेल्ट

या विषयाचे भारतातले बरेचसे कागद पुण्यात तयार होतात. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वेताळ टेकडीवर आहे. सकाळी फिरायला जाणारे टेकडीलाच ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात. पट्ट्यासाठीचे एआयएस-००५, तो गाडीला जिथे बोल्टने जोडतात त्या जागांसाठीचे एआयएस-०१५ आणि इशाऱ्याच्या बझरसाठीचे एआयएस-१४५ ही मानके याच संस्थेतर्फे प्रसिद्ध होतात. नाशिक फाट्याजवळच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टकडे भारत एनकॅप या, टक्कर-चाचणीवरून गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या योजनेचे काम आहे. ही योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, आणि त्या डिसेंबरात तिचे पहिले पाच तारे मिळालेल्या टाटा हॅरिअर व सफारी पिंपरी-चिंचवडच्याच कारखान्यातल्या.

नियमही स्पष्ट आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३८(३) नुसार चालक, पुढचा प्रवासी आणि मागच्या सीटवर समोर तोंड करून बसलेले सगळे यांनी चालत्या गाडीत पट्टा लावायचा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने दंड १०० वरून १,००० रुपये झाला. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींत पुढच्या दोन्ही जागांसाठी रिमाइंडर अनिवार्य आहे. हा रिमाइंडर म्हणजे १९७४च्या इंटरलॉकचा समजूतदार नातू. तो गाडी अडवत नाही, फक्त कटकट करतो. मार्केट यार्डातून आणलेली भाजीची पिशवी शेजारी ठेवली तरी करतो, कारण सीटखालच्या संवेदकाला अजूनही वजनच कळते.

हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्यात मोर्चे निघाले. सीट बेल्टविरुद्ध मोर्चा काढायची गरज पडली नाही, कारण बाजारात क्लिप मिळत होती. बकलमध्ये नुसतीच ती खुपसली की बझर गप्प. पालघरजवळ ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात मागच्या सीटवर पट्टा न लावलेले उद्योगपती सायरस मिस्त्री दगावले, तेव्हा देशभर चर्चा झाली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा विकणे बंद करायला लावले. तेरा हजारांहून अधिक जाहिराती उतरवल्या गेल्या. क्लिप नसेल तर पट्टा पाठीमागून घेऊन बकलात अडकवायचा आणि त्याच्यावर टेकून बसायचे, ही बिनपैशाची युक्ती आहेच. चौकात पोलीस दिसला की पट्टा छातीवर धरून ठेवायचा, पुढे गेल्यावर सोडून द्यायचा, हा आणखी एक प्रकार. रुळावरून येणारा अमेरिकी पट्टाही शेवटी दिसण्यापुरताच उरला होता. इथे ते काम हाताने होते.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर चढणारे बहुतेक जण आता पट्टा लावतात. तिथले कॅमेरे काचेतून पुढच्या दोघांचे पट्टे टिपतात. मागे बसलेले मात्र अजून पाहुण्यासारखे वागतात. शहरातला युक्तिवाद ठरलेला : “अहो, इथल्या इथे तर जायचंय.” सदाशिव पेठेतून डेक्कनला जाताना ताशी ४० किलोमीटरचा वेग मामुली वाटतो. पण त्या वेगातून एकदम थांबणे हे सहा मीटरांवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडण्याइतके असते. तो धक्का हातांनी पेलता येत नाही. मांडीवरच्या मुलाला तर मुळीच धरून ठेवता येत नाही, आणि आईच्या पट्ट्यात मुलाला घेतले तर ते तिच्या आणि पट्ट्याच्या मध्ये चिरडते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू झाला. त्यांत चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१, म्हणजे जवळपास निम्मे निम्मे.

वापर आणि देखभाल

कमरेचा भाग पोटावर नव्हे, खाली कटीच्या हाडांवर बसला पाहिजे. गरोदर स्त्रीने तो पोटाखालून घ्यावा, आणि साडी नेसलेली असेल तर निऱ्यांवरून जरा खाली सरकवून ओढून घ्यावा. पट्टा आळसावून आत जात असेल तर बहुधा घाम आणि धूळ साचलेली असते. सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने पुसून, पूर्ण वाळेपर्यंत बाहेर ठेवला तर तो सुधारतो. कडा उसवलेला, पीळ पडलेला पट्टा बदलावा.

प्रीटेन्शनर एकदा उडाला की तो पट्टा रिळासकट टाकून द्यायचा असतो, दुरुस्ती नसते. जोराच्या टकरीत ताण सोसलेला पट्टा बाहेरून धडधाकट दिसला तरी त्याचे धागे ओढले गेलेले असतात आणि लोड लिमिटरची दांडी पिळलेली असते. म्हणून जुन्या बाजारातला किंवा भंगारात निघालेल्या गाडीचा पट्टा बसवू नये. अपघातानंतर विम्याचा सर्वेक्षक गाडी पाहायला येतो, तेव्हा बंपर आणि पत्र्याबरोबर पट्ट्याची बाब मालकाने आपणहून काढावी, आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझलेला पाहिल्याशिवाय गॅरेजमधून गाडी ताब्यात घेऊ नये.