चिकण गाळाची भारी जमीन एवढी हट्टी का असते?

एक साधा प्रयोग करून बघा. काचेची उभी बाटली घ्या, एक तृतीयांश माती टाका, वर पाणी भरा, दोन-तीन मिनिटं जोरात हलवा आणि बाटली टेबलावर ठेवून द्या, मग नुसतं बघत बसा. वाळू मिनिटभरात तळाशी जाते. तिच्यावर हळूहळू पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकण मातीहून जाड कण, बसत जातो, त्याला काही तास लागतात. आणि चिकण माती? दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तरी वरचं पाणी गढूळच असतं बऱ्याचदा.

ह्यामागचं गणित जॉर्ज स्टोक्स ह्या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडलं. पाण्यात पडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे कण निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो. बारीकातली बारीक वाळू, म्हणजे ०.०५ मिलिमीटरचा कण, १० सेंटीमीटर खाली जायला पाऊण मिनिट घेतो. चिकण मातीची व्याख्या ०.००२ मिलिमीटरपासून खाली सुरू होते, आणि तिच्यातल्या सगळ्यात जाड कणालाही तेवढंच अंतर कापायला पावणेआठ तास लागतात! त्याहून बारीक असतील ते दिवसेंदिवस तरंगतात.

नदी हाच बाटलीचा प्रयोग हजारो वर्षं करत असते. पूर आला की पाणी काठाबाहेर पडतं, पडल्या पडल्या त्याचा जोर कमी होतो, आणि वाळू तिथेच काठालगत टाकली जाते. पोयटा थोडा पुढे जाऊन बसतो. चिकण कण मात्र पाण्याबरोबर लांब जातात, जिथे सखल भागात पाणी आठवडाभर साचून राहतं तिथपर्यंत, आणि तिथे निवांत खाली बसतात. एका पुरात थर किती, तर कधी कागदाएवढा कधी बोटभर, पण असे पूर हजारो वर्षं येत राहिले की मीटरच्या मीटर जाडीची माती तयार होते जिच्यात दगड नाही, मुरूम नाही, खाली खडकही सापडत नाही. म्हणूनच एकाच नदीकाठी अगदी काठावरचं शेत हलकं आणि जरा आतलं शेत एकदम भारी असतं, लोकांना वाटतं जमिनीचं नशीब, पण ते फक्त पाण्याच्या वेगाचं काम आहे. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात असंच आहे. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठामागच्या दलदलीत शार्की नावाची माती आहे, तिच्यात ६० टक्क्यांच्या वर चिकण कण असतात. तिथले शेतकरी अशा मातीला बकशॉट म्हणतात, म्हणजे बंदुकीचे छर्रे, कारण वाळली की तिचे छोटे छोटे कडक दाणे होतात.

आता खरी गंमत. चिकण कण म्हणजे फक्त बारीक केलेली वाळू असं समजू नका, ती वेगळीच वस्तू आहे. वाळूचा कण म्हणजे खड्याचा तुकडा. चिकण कण पापुद्र्यांचा बनलेला असतो, एकावर एक रचलेल्या कागदांसारखा, सिलिका आणि ॲल्युमिनाचे अतिशय पातळ थर. १९३० पर्यंत ह्याबद्दल नीट माहिती नव्हती, मातीतला हा भाग म्हणजे काहीतरी बिनआकाराचा चिकट लगदा असावा असं बऱ्याच जणांना वाटायचं, पण मग क्षकिरणांनी दाखवून दिलं की हे चक्क स्फटिक आहेत. थर आले की पृष्ठभाग आला. १ ग्रॅम वाळूचा सगळा मिळून पृष्ठभाग एका चौरस मीटरलाही पोचत नाही. केओलिनाइट नावाच्या साध्या चिकण खनिजाचा साधारण १० ते २० चौरस मीटर. आणि माँटमोरिलोनाइट, ज्याच्या थरांच्या आतसुद्धा पाणी शिरतं, त्याचा ६०० ते ८००! कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं, तेव्हा चिमूटभर मातीत पाच-सहा मैदानं घडी घालून ठेवलीत असं समजा. भारी जमिनीचा चिकटपणा, फुगणं, भेगा, पाणी धरणं, खत धरणं, सगळं ह्या घडीतून बाहेर येतं.

ह्या थरांवर ऋण विद्युतभार असतो. खनिज तयार होतानाच कुठेतरी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम, त्यामुळे हिशोबात थोडा ऋण भार शिल्लक राहतो आणि तो कायमचा. मग कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम असे धन भाराचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू-रेणू, येऊन पृष्ठभागाला चिकटून राहतात. ही गोष्ट पहिल्यांदा एका शेतकऱ्याच्या लक्षात आली हे मला फार आवडतं. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे एच. एस. थॉम्पसन, १८४५ च्या सुमारास त्यांनी मातीच्या स्तंभातून अमोनियम सल्फेटचं पाणी ओतलं आणि खालून जे पाणी आलं त्यात अमोनिया जवळजवळ नव्हताच, त्याऐवजी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, निघालं. मातीने अमोनियम ठेवून घेतला आणि बदल्यात कॅल्शियम सोडला होता. मग जॉन थॉमस वे ह्या रसायनशास्त्रज्ञाने ह्यावर पद्धतशीर काम करून १८५० मध्ये ते छापलं, आणि आयनांच्या अदलाबदलीचं शास्त्र तिथून सुरू झालं. आज माती परीक्षणात सीईसी नावाचा आकडा असतो तो हाच, जमीन असे किती आयन धरून ठेवू शकते त्याचं माप. केओलिनाइटचा ३ ते १५ असतो, माँटमोरिलोनाइटचा ८० ते १२० वगैरे. एक सांगून ठेवतो, युरियातल्या नत्राचा जमिनीत शेवटी नायट्रेट होतो, तो ऋण भाराचा असतो आणि त्याला ही माती धरत नाही, त्यामुळे भारी जमीन आहे म्हणून युरिया एकदम टाकला तरी चालतो हा समज चुकीचा.

पाण्याचं बघू, कारण इथेच लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते. चिकण माती भरपूर पाणी धरते हे खरं. चांगली भिजून निचरा झाल्यावर तिच्या आकारमानाच्या ३५ ते ४५ टक्के पाणीच असतं. पण त्यातलं सगळं पिकाला मिळत नाही. पाणी त्या पापुद्र्यांना आणि अतिसूक्ष्म छिद्रांना इतकं घट्ट धरलेलं असतं की मुळांना ते ओढून काढावं लागतं, आणि साधारण १५ बारच्या ओढीपर्यंत पीक टिकतं (गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या सातेक पट), त्यापुढे ते कोमेजतं आणि रात्रीत परत उठत नाही. त्या क्षणी वाळूत ओल उरलेलीच नसते म्हणा, पण चिकण मातीत अजून २० ते २५ टक्के पाणी असतं! म्हणजे हाताला माती ओलसर लागते आणि पीक तहानेने मरतंय. तरीही हिशोब भारी जमिनीच्याच बाजूने जातो, मीटरभर खोलीत १५० ते २०० मिलिमीटर पाणी पिकाला वापरता येतं, वाळूत ५० ते ८०. १५० मिलिमीटर म्हणजे हेक्टरला १५ लाख लिटर. पीक दिवसाला ५ मिलिमीटर घेत असेल आणि मुळं खरंच मीटरभर उतरली असतील तर महिनाभराची सोय झाली. पावसाळा संपल्यावर नुसत्या जमिनीतल्या ओलीवर पीक काढता येतं ते ह्याच जोरावर, आणि खोली नसेल तर ह्यातलं काहीच होत नाही, म्हणून मी खोलीला चिकणपणाइतकंच महत्त्व देतो.

पण आत जाताना? तिथे ही माती फार कंजूष. वाळूत तासाला ३० मिलिमीटरहून जास्त पाणी मुरतं, चिकण मातीत भिजल्यानंतर १ ते ५. छिद्रं कमी आहेत का, तर नाही, उलट चिकण मातीत एकूण पोकळी वाळूपेक्षा जास्तच असते, पण ती पोकळी इतक्या बारीक नळ्यांमध्ये वाटली गेलीय की पाणी सरकतच नाही. जोराचा पाऊस झाला की वर डबकं आणि शेत चिबडतं. चिबडल्यावर पिकाला पाण्याचा त्रास नसतो, त्रास असतो हवेचा. ऑक्सिजन हवेतून जेवढ्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजार पट हळू तो पाण्यातून पसरतो, त्यामुळे छिद्रं पाण्याने भरली की मुळं आणि जिवाणू आतला ऑक्सिजन एक-दोन दिवसात संपवतात आणि नवीन येत नाही. मग काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास घ्यायला लागतात आणि दिलेलं नत्र वायू होऊन उडून जातं, पिवळं पडलेलं पीक दिसतं ते बऱ्याचदा ह्यामुळे. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की लोहाचा रंग बदलतो, माती राखाडी-निळसर होते आणि मधे मधे गंजासारखे तांबडे ठिपके दिसतात.

आता वाफसा, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही, मशागतीला अगदी योग्य अशी अवस्था. मराठीत ह्या अवस्थेला एकच नेमका शब्द आहे ह्याचा मला खरंच अभिमान वाटतो. वाळली की ही माती दगडासारखी, नांगर लावला तर डोक्याएवढी ढेकळं निघतात. ओली असताना लोण्यासारखी, अवजाराला चिकटते, फाळ फिरला तिथे चकचकीत पृष्ठभाग तयार होतो आणि ती चकाकी म्हणजे छिद्रांची तोंडं लिंपून बंद झालीत, तिथून ना पाणी जातं ना मूळ. ह्या दोन टोकांच्या मधे थोडे दिवस मिळतात. अल्बर्ट अटरबर्ग ह्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९११ मध्ये ह्या अवस्थांच्या सीमा ठरवल्या आणि त्याची चाचणी आजही बांधकामवाले वापरतात. माती तळहाताखाली वळायची, ३ मिलिमीटर जाडीचा दोरा न तुटता झाला तर ती अजून लवचिक आहे, म्हणजे शेतासाठी ओली आहे. दोरा व्हायच्या आधीच तुकडे पडले की शेतात जायला हरकत नाही. फक्त माती वरची घेऊ नका, वरची दोन बोटं आधी सुकतात, नांगर किंवा कुळव जेवढा खोल जाणार तिथली घ्या. हलक्या जमिनीत वाफसा एक दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, पण भारी जमिनीत ओल्यात एकदा जड ट्रॅक्टर फिरवला की खालचा दाबलेला थर अनेक वर्षं राहतो.

वरचा थर मात्र स्वतःला दुरुस्त करतो, आणि ते भेगांमुळे. थरांमधलं पाणी गेलं की माती आकसते, भेगा पडतात, काही ठिकाणी मीटरभर खोल सुद्धा. भरपूर चिकण कण असलेल्या आणि अशा फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीला शास्त्रात व्हर्टिसोल म्हणतात, लॅटिनमधल्या उलटणे ह्या अर्थाच्या शब्दावरून, कारण वरची सुटी माती भेगेत पडते, पुढच्या पावसात खालची माती फुगते, तिला जागा नसते म्हणून ती तिरकी वर ढकलली जाते, आणि अशी हळूहळू जमीन स्वतःलाच घुसळत राहते. खड्डा खणला तर खाली तिरके, घासून गुळगुळीत झालेले पृष्ठभाग सापडतात, ते ह्या घसरण्याच्या खुणा. भेगांमुळे मुळं तुटतात, ओल उडते, तोटा आहेच, पण पहिला पाऊस थेट खोल उतरतो तो पण ह्याच वाटेने. म्हणून कोरड्या भेगाळलेल्या शेताला दिलेलं पहिलं पाणी संपता संपत नाही आणि दुसरं पाणी मात्र वर तरंगत राहतं.

एक गैरसमज रंगाचा. काळी आहे म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर, असं सर्रास म्हणतात. पण काळ्या फुगणाऱ्या मातीत तो बऱ्याचदा १ टक्क्याच्याही खाली असतो, काळा रंग थोड्याशाच ह्यूमसचा (कुजून उरलेल्या सेंद्रिय भागाचा) असतो जो चिकण कणांना अगदी घट्ट बांधला गेलाय. शेणखत, कंपोस्ट, पिकाचे अवशेष भारी जमिनीला लागतातच, आणि ते फक्त अन्नद्रव्यांसाठी नाही, कणांचे दाणे होऊन मधे मोठी छिद्रं राहावीत म्हणून.

आणि सगळ्यात वाईट शत्रू सोडियम. कॅल्शियमवर दोन भार असतात, तो पापुद्र्यांना जवळ धरतो, कणांचे पुंजके होतात. सोडियमवर एकच भार आणि भोवती पाण्याचं जाड कवच, तो जास्त झाला की पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, माती पाण्यात विरघळल्यासारखी पसरते, छिद्रं बुजतात आणि वर कडक पापडी धरते. हीच चोपण जमीन. चिकटलेल्या आयनांमध्ये सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की चोपण, अशी जुनी सीमा आहे, पण फुगणाऱ्या चिकण मातीत त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ह्याचं ठळक उदाहरण, अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खोल चिकण गाळ, आणि खाली भूजलच खारं, त्यामुळे विहिरीचं पाणी देऊन ओलीत करायला जावं तर जमीन अजून बिघडते. जिप्सम टाकतात ते त्यातल्या कॅल्शियमसाठी, थॉम्पसननी पाहिलेली तीच अदलाबदल इथे कामाला लावायची, पण सुटलेला सोडियम धुवून बाहेर काढायला चर नसेल तर तो तिथेच फिरत राहतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो.

आपल्या जमिनीत ह्यातलं काय चाललंय ते बघायचं असेल तर माती परीक्षणाच्या रिपोर्टबरोबर एक मीटरभर खोल खड्डाही करा, वाफसा असताना. भिंत चाकूच्या टोकाने हलकेच उकलत खाली या. ढेकूळ सहज फुटून दाणे होतात का, नांगराच्या खोलीवर आडवा कडक थर लागतो का, राखाडी रंग किती खोलीवर सुरू होतो, पांढरे चुन्याचे खडे कुठे आहेत. आणि मुळं बघा. चांगल्या जागी ती ढेकळाच्या आरपार गेलेली असतात, गोल आणि फांद्या फुटलेली. जिथे माती दाबली गेलीय तिथे त्यांना आत शिरता आलेलं नसतं, दोन ढेकळांच्या फटीतून ती कशीबशी खाली गेलेली असतात, आणि बोटांनी काढून बघितलीत तर रिबिनीसारखी चपटी झालेली दिसतात.