सीमाभागातील प्रवेश परीक्षा आणि दाखले

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात पीयूसी (कर्नाटकातील अकरावी-बारावी) सायन्स करणारा मराठी विद्यार्थी साधारण तीन परीक्षांचा विचार करतो: कर्नाटकची केसीईटी, महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी आणि देशभराची नीट. उत्तरे यंत्र तपासते, तिथे कुणाची ओळख चालत नाही. घोळ होतो तो भाषेत आणि दाखल्यांत.

केसीईटीत प्रत्येक विषयाला ६० प्रश्न, ६० गुण आणि ८० मिनिटे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे उत्तरपत्रिकेतला गोळा कोरा सोडणे हा निव्वळ तोटा. इंजिनीअरिंगच्या रँकमध्ये निम्मा वाटा पीयूसीच्या गुणांचा असतो. २०२४ मध्ये अभ्यासक्रमाबाहेरचे ५० प्रश्न वगळून निकाल लावावा लागला. प्रश्न इंग्रजी व कन्नडमध्ये असतात, मराठीत नाहीत. दहावीपर्यंत ‘संवेग’ शिकलेल्या मुलाला ‘मोमेंटम’ आधी मनात उलटवून घ्यावा लागतो. घड्याळ थांबत नाही.

नीट मराठीतून देता येते, पण मराठी प्रश्नपुस्तिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. म्हणजे बेळगावच्या मुलाने कोल्हापूर केंद्र घ्यायचे. भाषा अर्जातच निवडावी लागते. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य, आणि इथे चुकीला एक गुण जातो.

आता दाखले. कर्नाटकात ‘क्लॉज ए’ या पात्रता-कलमाखाली बसायला इंजिनीअरिंगसाठी पहिली ते बारावीत किमान सात वर्षे राज्यात शिकलेले असावे आणि दहावी किंवा बारावी इथूनच उत्तीर्ण हवी. महाराष्ट्रातल्या चंदगडहून फक्त पीयूसीसाठी बेळगावला आलेला मुलगा इथेच अडकतो: परीक्षा इथली, वर्षे दोनच. त्याला दुसरा क्लॉज लागू होतो का, हे अर्जाआधीच पाहावे.

ग्रामीण कोटा १५ टक्के, कन्नड माध्यमाचा ५ टक्के. दोन्हींना पहिली ते दहावी अशी सलग दहा वर्षे लागतात. मराठी शाळेतल्या मुलाला दुसरा मिळतच नाही. पहिला मिळतो, पण एखादे वर्ष शहरातल्या शाळेत गेले की तोही जातो. शाळा बदलली असेल तर प्रत्येक मुख्याध्यापकाचा दाखला आणि त्यावर बीईओची (गटशिक्षणाधिकाऱ्याची) प्रतिस्वाक्षरी हवी. ही सही राहून गेलेले अर्ज पडताळणीत मागे पडतात. मे महिन्यात शाळेला सुट्टी, साहेब दौऱ्यावर. म्हणून हे काम जानेवारीतच उरकावे.

महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत ‘टाइप ई’ हा स्वतंत्र गट आहे. वादग्रस्त सीमाभागातून (महाराष्ट्राच्या दाव्यानुसार ८६५ गावे) दहावी किंवा बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्यांसाठी तो आहे. त्यासाठी सीमाभागाचा एक आणि मातृभाषेचा एक, असे दोन वेगळे दाखले लागतात. एकाच कागदावर दोन्ही मजकूर लिहून आणणाऱ्यांना परत पाठवले जाते. एमएचटी-सीईटीचे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मराठीतून देता येते, गणित मात्र इंग्रजीतच.