इथाका : शिडाच्या यॉटने

इथाका (ग्रीक उच्चार ‘इथाकी’) : ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यालगत, आयोनियन समुद्रातील एक डोंगराळ बेट. क्षेत्रफळ सुमारे 96 चौ. किमी., लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास. पश्चिमेला अरुंद सामुद्रधुनीपलीकडे केफालोनिया हे मोठे बेट आणि उत्तरेला लेफकादा. मध्यभागी एटोस ही चिंचोळी संयोगभूमी असून ती नसती तर इथाकाची दोन बेटे झाली असती. विमानतळ नसल्यामुळे येथे येणारा प्रत्येक जण पाण्यावरूनच येतो. बहुतेक जण फेरीबोटीने येतात, तर मे ते ऑक्टोबर या काळात बरेच जण शिडाच्या यॉटने. या बेटाला यॉटच अधिक मानवते. रस्ते डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत जातात; वाथी, किओनी, फ्रिकेस ही गावे मात्र पाण्याकडे तोंड करून बसलेली आहेत.

यॉट बहुधा लेफकादाहून भाड्याने घेतली जाते. स्वतः सुकाणू धरायचे असेल तर परवाना दाखवावा लागतो आणि सोबतीला बोट चालवण्याची जाण असलेला आणखी एक जण लागतो. नाहीतर तांडेलासकट बोट मिळते. लेफकादाच्या दक्षिणेकडच्या बंदरांपासून फ्रिकेस, किओनी ही इथाकाची गावे दहा-बारा सागरी मैलांवर आहेत, म्हणजे बऱ्या वाऱ्यात दोन-अडीच तास.

हा बरा वारा म्हणजे ‘माइस्त्रो’. उन्हाळ्यात तो वायव्येकडून येतो आणि त्याचे वेळापत्रक जवळपास ठरलेले असते. सकाळी समुद्र तेलासारखा निवांत. दुपारी बाराच्या सुमारास पाण्यावर पहिल्या सुरकुत्या दिसतात, तीन-चारपर्यंत वारा चांगला भरतो आणि सूर्य मावळला की पडतो. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्याशी त्याचे नाते आहेच, पण केवळ तेवढेच नाही. उन्हाळ्यात तुर्कस्तानावर जो कमी दाब तयार होतो, तो आपल्या मान्सूनला ओढून आणणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याचेच पश्चिमेकडे पसरलेले टोक मानला जातो. त्यामुळे कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, नेमक्या त्याच महिन्यांत इथे शिडे फुगतात. ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्रातला ‘मेल्तेमी’ याच वाऱ्याचा आडदांड भाऊ. तो दिवसेंदिवस थांबत नाही. नवशिके खलाशी आयोनियन बेटे निवडतात ते यासाठीच. तरीही वाथीच्या बंदरात दुपारी डोंगरावरून असे झोत कोसळतात की निवाऱ्याची जागा म्हणून आत शिरलेला माणूस चकित होतो.

बंदरात बोट लावण्याची पद्धत भारतीय वाचकाला नवी वाटेल. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम काही सेंटिमीटरांचा असतो. मुंबईत पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, तिथे असे करताच आले नसते. इथे मात्र बोट उलटी फिरवून तिची पिछाडी धक्क्याकडे करतात, बरेच आधी पुढून नांगर सोडतात, साखळी सोडत सोडत मागे येतात आणि मागचे दोन दोर धक्क्यावरच्या कड्यांना बांधतात. मग एक फळी टाकली की थेट हॉटेलाच्या टेबलापाशी उतरता येते. नांगर टाकताना पाण्यातला फिका, वाळूचा पट्टा पाहावा. गडद डाग दिसतात ते पोझिडोनिया नावाच्या पाणगवताचे. त्यात नांगर नीट रुतत नाही आणि ते गवत संरक्षितही आहे.

किओनीत खरी गंमत सकाळी असते. बंदर लहान आणि खोल असल्यामुळे आदल्या संध्याकाळी आलेल्यांच्या साखळ्या तळाशी एकमेकींवर पडलेल्या असतात. पहिली बोट निघते, नांगर वर येतो, तर त्याच्या पंज्यात शेजाऱ्याची साखळी. अशा वेळी त्या परक्या साखळीखालून एक दोर ओवून दोन्ही टोके बोटीवर बांधतात, आपला नांगर हातभर खाली सोडून मोकळा करतात आणि मग दोर सोडून देतात. आजूबाजूच्या बोटींवरचे लोक कॉफीचे कप हातात घेऊन हे सगळे बघत असतात. मदतीपेक्षा सल्लेच जास्त. दुपारी दोननंतर आलेल्याला धक्क्यावर जागा मिळाली तर ते नशीब. जागा नसेल तर खाडीत नांगर टाकून मागचा लांब दोर किनाऱ्यावरच्या खडकाला बांधतात.

बेटाची शांतता ही पर्यटनाच्या माहितीपत्रकांत निसर्गाची देणगी म्हणून सांगितली जाते. ते अर्धेच खरे. उरलेले अर्धे कारण म्हणजे लोक बेट सोडून गेले. बेट व्हेनिसच्या ताब्यात 1797 पर्यंत होते, पुढे ब्रिटिशांकडे गेले आणि 1864 मध्ये ग्रीसमध्ये सामील झाले. जमीन खडकाळ, त्यामुळे पुरुष जहाजांवर किंवा परदेशी जात. मेलबर्नमध्ये इथाकावासीयांची संस्था 1916 मध्येच स्थापन झाली होती. ऑगस्ट 1953 च्या भूकंपांनी वाथी जवळजवळ जमीनदोस्त केले आणि उरलेल्यांपैकीही अनेकांनी ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका गाठली. उत्तरेकडच्या किओनीची जुनी घरे बरीचशी वाचली, म्हणून ते गाव आज चित्रासारखे दिसते. आनोगीसारख्या डोंगरावरच्या गावांत बंद दारे अधिक आहेत. उन्हाळ्यात त्यांतली काही उघडतात आणि अंगणात ऑस्ट्रेलियन धाटणीचे इंग्रजी ऐकू येते. घरोघरी होणारी ‘रोवानी’, म्हणजे तांदूळ, मध आणि ऑलिव्ह तेलाची वडी, हा इथला खास पदार्थ.

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याचा नायक ओडिसियस इथाकाचा राजा; पण त्याचे बेट हेच का, यावर वाद आहे. होमरने केलेले वर्णन (सखल, सर्वांत पश्चिमेकडचे) या डोंगराळ बेटाला नीट बसत नाही. जर्मन पुरातत्त्वज्ञ डॉर्पफेल्ड लेफकादालाच खरे इथाका मानत असे. त्याची कबर तिथेच, निद्री या गावासमोरच्या टोकावर आहे. निद्रीहून इथाकाला निघालेल्या यॉट तिच्यासमोरूनच जातात. होमरचा नायक मात्र खलाशी म्हणून बघण्यासारखा आहे. नऊ दिवस-नऊ रात्री सुकाणू कुणाला न देता तो आला, बेटावरचे जाळ दिसू लागले आणि नेमका तेव्हा त्याचा डोळा लागला. सोबत्यांनी प्रतिकूल वारे कोंडून ठेवलेली पिशवी उघडली आणि बोट मागे फेकली गेली. पुढे कित्येक वर्षांनी फेएशियन लोकांनी त्याला झोपेतच किनाऱ्यावर उतरवले, तर जाग आल्यावर त्याला आपलेच बेट ओळखू येईना.

इथाकाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ‘पोलिस’ नावाच्या खाडीत एक गुहा होती, जिचे छत कोसळले आहे. 1930 च्या दशकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ सिल्व्हिया बेंटन यांना तिथे इ. स. पू. नवव्या-आठव्या शतकांतल्या काशाच्या तिवयांचे अवशेष मिळाले. त्यांच्याबरोबर त्याहून बऱ्याच नंतरचा, मातीच्या मुखवट्याचा एक तुकडाही सापडला. त्यावर ‘ओडिसियसला नवस’ अशा अर्थाची ग्रीक अक्षरे कोरलेली आहेत. खाडीत नांगर टाकून चढणीच्या रस्त्याने स्टाव्रोस गावात पायी जाता येते. तो तुकडा तिथल्या छोट्या संग्रहालयात आहे.