एरिक द व्हायकिंग : मूळ चित्रपट आणि पुनर्संकलित आवृत्ती

टेरी जोन्स यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला विनोदी साहसपट. १९८९ मध्ये तो चित्रपटगृहांत आला तेव्हा त्याची लांबी सुमारे १०७ मिनिटे होती. २००६ मध्ये जोन्स यांचा मुलगा बिल याने त्याचे नव्याने संकलन केले आणि ७५ मिनिटांची आवृत्ती ‘डायरेक्टर्स सन्स कट’ (दिग्दर्शकाच्या मुलाचे संकलन) या नावाने डीव्हीडीवर निघाली. मधल्या काळात घरगुती व्हिडिओसाठी ८९ मिनिटांचीही एक आवृत्ती झाली होती. प्रत्येक वेळी चित्रपट आखूड होत गेला. त्यामुळे तो आवडला की नाही, या प्रश्नाला ‘कोणता पाहिलात?’ हा प्रश्न कायमचा जोडला गेला.

जोन्स (१९४२–२०२०) हे वेल्समध्ये जन्मलेले लेखक, नट आणि ‘मॉन्टी पायथन’ या सहा जणांच्या विनोदी गटाचे सदस्य. त्यांची दुसरी ओळख मध्ययुगाच्या अभ्यासकाची. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसरच्या काव्यातील सरदारावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ (१९८०) त्या क्षेत्रात गांभीर्याने वाचला गेला. लहान मुलांसाठी त्यांनी एरिक नावाच्या व्हायकिंगच्या कथा लिहिल्या. मायकेल फोरमन यांच्या चित्रांसह ते पुस्तक १९८३ मध्ये निघाले. चित्रपटाने पुस्तकातून नायकाचे नाव आणि सफरीची कल्पना घेतली, कथानक मात्र वेगळे रचले. पुस्तक आवडलेल्या मुलांना घेऊन आलेल्या पालकांची पडद्यावर जी गाठ पडली ती बरीच प्रौढ गोष्टीशी, आणि प्रेक्षकांच्या नाराजीचे एक मूळ इथेच आहे.

गोष्ट सुरू होते ती लुटीच्या धामधुमीत. एरिक (टिम रॉबिन्स) एका झोपडीत शिरतो, समोर हेल्गा नावाची तरुणी असते. बलात्कार आणि लूट हा त्याच्या जमातीचा रिवाज, पण एरिकला ते जमत नाही. तो तिच्याशी बोलत बसतो आणि ती त्याला हे सगळे कशासाठी चालले आहे असे विचारते. तेवढ्यात त्याचे साथीदार येतात. त्यांच्यापासून तिला वाचवण्याच्या झटापटीत तिचाच जीव एरिकच्या हातून जातो. तिचा प्रश्न मात्र त्याला सोडत नाही. गुहेत राहणारी फ्रेया (अर्था किट) त्याला सांगते की फेनरिर लांडग्याने सूर्य गिळला आहे, रग्नारोकचे म्हणजे जगाच्या अंताचे युग सुरू आहे, माणसे एकमेकांना मारत सुटली आहेत. उपाय एकच : पश्चिमेला हाय-ब्राझील बेटावर जाऊन तिथले शिंग मिळवायचे. पहिल्या फुंकरीने देवांच्या अस्गार्दला पोहोचता येते, दुसरीने देव जागे होतात, तिसरी घरी परत आणते.

सूर्य गिळणारा प्राणी म्हटले की मराठी वाचकाला राहू आठवेल. फरक असा की राहूच्या तावडीतून सूर्य घटकाभरात सुटतो, नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) कथेत मात्र सूर्य गिळला जाणे ही जगबुडीची खूण आहे. जोन्स यांनी ही सामग्री मोकळेपणाने मिसळली. फेनरिर, कपटी देव लोकी, देवलोकाला नेणारा बायफ्रॉस्ट पूल, मृत वीरांचे सभागृह वल्हाल्ला हे नॉर्स पुराणातले. हाय-ब्राझील मात्र आयरिश दंतकथेतले बेट. ते चौदाव्या शतकापासून आयर्लंडच्या पश्चिमेला नकाशांवर दाखवले जात असे. खलनायक काळा हाफदान (जॉन क्लीझ) याचे नाव नवव्या शतकातील नॉर्वेच्या एका राजाचे आहे. हा सैलपणा अज्ञानातून आलेला नाही, हे जोन्स यांचा अभ्यास माहीत असणाऱ्याला लगेच कळते.

युद्ध थांबवायला निघालेल्या या मोहिमेला विरोध कोणाचा, यात चित्रपटाची सगळ्यात तल्लख कल्पना आहे. शांतता आली तर हाफदानची सत्ता संपेल आणि तलवारी घडवणाऱ्या कायटेल लोहाराचा धंदा बसेल. लोहाराचा मदतनीस लोकी (अँटनी शेर) त्याच्या कानाशी हेच घोकत राहतो आणि त्याला मोहीम मोडायला जहाजावर चढवतो. शस्त्रांच्या व्यापाराला युद्ध हवे असते, हे इतक्या साध्या, लहान मुलालाही कळेल अशा रीतीने सांगणारे विनोदी चित्रपट थोडेच आहेत.

चित्रीकरण माल्टा, नॉर्वे आणि इंग्लंडमधील स्टुडिओत झाले. संगीत पायथन गटाचे जुने सहकारी नील इनेस यांचे. प्रदर्शनानंतरचे स्वागत थंड होते. अमेरिकेत चित्रपटाने जेमतेम वीस लाख डॉलरच्या आसपास कमाई केली आणि तिथले नामवंत समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला एकही तारा दिला नाही. एवढा कठोर निकाल या चित्रपटाच्या वाट्याला यायला नको होता. पायथन गटाचा नवा चित्रपट म्हणून आलेल्यांचीही निराशा झाली : सहांपैकी जोन्स आणि क्लीझ हे दोघेच यात आहेत, आणि क्लीझ यांची भूमिका लहान. पुढे कॅसेट आणि डीव्हीडीमुळे चित्रपट घरोघरी पोहोचला आणि त्याला जपणारा एक वर्ग हळूहळू तयार झाला.

या वर्गाला विचारले तर काही प्रसंग हमखास सांगितले जातात. निघण्यापूर्वी जहाजावर कोणी कोणाशेजारी बसून वल्ही मारायची यावरून होणारी भांडणे. स्वेन (टिम मॅकिनर्नी) आणि त्याला खरा ‘बर्सर्क’ (बेभान होऊन लढणारा योद्धा) बनवू पाहणारा त्याचा बाप. अत्यंत सौजन्याने देहदंड फर्मावणारा क्लीझ यांचा हाफदान. पण दोन प्रसंग या सगळ्यांच्या वरचे आहेत.

पहिला हाय-ब्राझीलचा. या बेटावर रक्त सांडले तर ते बुडेल, असा शाप आहे. म्हणून तिथले लोक कमालीचे प्रेमळ आहेत आणि पाहुण्यांना बेसूर गाणी ऐकवतात. लोकीच्या सुरीवरून एक थेंब पडतो आणि बेट खचू लागते. राजा आर्नुल्फ (स्वतः जोन्स) प्रजेला समजावत राहतो की काहीही बुडत नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका. पाणी गुडघ्याला लागते, छातीला लागते, तरी राजाचा आवाज शांतच. प्रजाही त्याचे ऐकते आणि त्याच्यासोबत बुडते. डोळ्यांसमोरचे संकट नाकारणाऱ्या राज्यकर्त्याचे हे चित्र आज पाहणाऱ्यांना १९८९ च्या प्रेक्षकांपेक्षाही जवळचे वाटते.

दुसरा हॅरल्ड या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा (फ्रेडी जोन्स). तो या मोहिमेत सामील आहे, पण नॉर्स देवांवर त्याचा विश्वास नाही. त्यामुळे सोबत्यांना दिसणारे अस्गार्द, वल्हाल्ला, देव यांतले त्याला काहीच दिसत नाही. बाकीचे देवांच्या दरबारात अडकतात, तर हॅरल्ड तिथल्या भिंतींतून सरळ बाहेर चालत जातो, कारण त्याच्या लेखी त्या नाहीतच. तोच जहाजावर परतून तिसरी फुंकर मारतो आणि सगळ्यांना घरी आणतो. या प्रसंगावर नास्तिक आणि आस्तिक दोघेही हक्क सांगतात. टेरी जोन्स कोणालाच जिंकू देत नाहीत. हॅरल्डची श्रद्धा त्याला आंधळे करते आणि तेच आंधळेपण सर्वांना तारते. इथले देव म्हणजे खेळण्यात रमलेली मुले आहेत. माणसांची युद्धे थांबवणे आमच्या हाती नाही, असे ते एरिकला सांगतात.

आक्षेपही खरे आहेत. सर्वांत मोठा आक्षेप सुरुवातीच्या झोपडीतल्या प्रसंगावर आहे. बलात्काराचे सावट असलेला प्रसंग विनोदी संवादांनी रंगवणे अनेक प्रेक्षकांना, विशेषतः स्त्रियांना, खटकते. समर्थक म्हणतात की जोन्स त्या रिवाजाचीच लाज काढत आहेत, आणि सगळी कथा हेल्गाच्या प्रश्नावर उभी आहे. हे समर्थन पटण्यासारखे आहे. तरी हसू आणि मृत्यू यांच्यामधला सांधा तिथे नीट बसलेला नाही, हेही मान्य करावे लागते. दुसरा आक्षेप लयीचा : विनोद मारून झाल्यावरही दृश्य रेंगाळते, समुद्रावरचा भाग ताणलेला वाटतो.

या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर म्हणून पुनर्संकलनाकडे पाहावे लागते. मूळ संकलनाबद्दल जोन्स स्वतःही समाधानी नव्हते. डीव्हीडीच्या निमित्ताने त्यांनी ते काम मुलावर सोपवले. बिल याने जवळपास तीस टक्के भाग काढून टाकला, गती वाढवली आणि ध्वनीचे मिश्रण नव्याने करून घेतले. दिग्दर्शकाची म्हणून निघणारी आवृत्ती बहुधा लांब असते. निर्मात्यांनी कापलेले परत जोडले जाते. इथे पुढच्या पिढीने वडिलांच्या कामावर कात्री चालवली, आणि तीही त्यांच्या संमतीने.

यावर प्रेक्षकांचे तट पडले. एका गटाच्या मते हाच खरा चित्रपट. विनोद वेळेवर येतो, एरिकचा शोध सरळ रेषेत दिसतो, नव्या प्रेक्षकाला दाखवायला हीच आवृत्ती योग्य. दुसरा गट म्हणतो की वल्हवणाऱ्यांची कुरबुर, निरुद्देश गप्पा, समुद्रावरचा कंटाळा यांतूनच हे लोक आपले वाटू लागतात. ते कमी केले की उरतो तो विनोदांचा ठसका आणि धावती सफर. लहानपणी कॅसेटवर पाहिलेल्यांना तर पाठ असलेले एखादे वाक्य सापडले नाही तरी चुकल्यासारखे होते, आणि त्याला नुसती स्मरणरंजनाची हौस म्हणून बाजूला सारता येत नाही. विनोदी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला जातो. त्याच्या थांब्यांची प्रेक्षकाला सवय होते आणि थांबाही विनोदाचा भाग बनतो.

प्रस्तुत नोंदकर्त्याला दुसऱ्या गटाची बाजू अधिक पटते. लयीचा दोष कात्रीने कमी होतो, पण या चित्रपटाची खरी अडचण लांबीची नाहीच. क्रौर्य, करुणा आणि थट्टा यांना एका दृश्यात बसवण्याची ती अडचण आहे, आणि ती लिखाणातच असल्याने कोणत्याही आवृत्तीत उरतेच. उलट, राजा आर्नुल्फचे नाकारणे किंवा हॅरल्डचे न दिसणे अशा प्रसंगांना वेळ लागतो. पाणी सावकाश चढले तरच राजाच्या शांतपणाची भीती वाटते.

पहिल्यांदा पाहणाऱ्याने मूळ लांब चित्रपट पाहावा आणि मग ७५ मिनिटांची आवृत्ती. उलट क्रमाने पाहिल्यास मूळ चित्रपट केवळ संथ वाटतो. संकलनाचे शिक्षण घेणाऱ्यांना दोन्ही शेजारी ठेवून पाहता आले, तर एकाच चित्रीकरणातून दोन वेगळे स्वभाव कसे घडतात हे शिकायला याहून सोयीचे उदाहरण सहसा मिळत नाही. बिल जोन्स यांनी पुढे पायथन गटाचा इतिहास सांगणाऱ्या माहितीपट मालिकेचे (२००९) सहदिग्दर्शन केले. टेरी जोन्स यांच्या निधनानंतरही चित्रपटाच्या दोन्ही रूपांचे चाहते आपापल्या बाजूने बोलत आहेत.