'पानी' म्हटल्यावर हसू का येतं?

वऱ्हाडातून किंवा मराठवाड्यातून पुण्यात शिकायला आलेली मुलं पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक गोष्ट कुणी न शिकवता शिकतात: बोलण्याआधी थांबणं. 'पाणी'तला ण नीट लागला का, 'मले'चं 'मला' झालं का, हे मनात तपासायचं आणि मग तोंड उघडायचं. रागावलेलं कुणी नसतं. कुणीतरी एकदा हसलेलं असतं, तेवढं पुरतं. तिथून पुढे स्वतःचं बोलणं समोरच्याच्या कानाने ऐकायची सवय लागते.

ही लाज फार जुनी असेल असं वाटतं, पण तसं नाही. तेराव्या शतकात मराठी गद्य आकाराला आलं ते अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरच्या परिसरात. तेव्हा पुणं कुणाच्या बोलण्याचं माप नव्हतं. ते झालं १८१८ नंतर. पेशवाई गेली, कंपनी सरकारच्या शाळा आणि छापखाने मुंबई-पुण्याकडे सुरू झाले, आणि एका लष्करी अधिकाऱ्याने पंडितांना हाताशी धरून केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये बाहेर पडला. त्या वर्षी वऱ्हाड निजामाकडे होतं आणि नागपूर भोसल्यांकडे.

पुढची सव्वाशे वर्षं मराठी माणसं वेगवेगळ्या राज्यांत राहिली. निजामाच्या राज्यात कारभार आधी फारसीत आणि मग उर्दूत, पुढे वरचं शिक्षणही उर्दूत, नागपूरकडे मध्य प्रांतात हिंदीचा शेजार. नांदेडच्या मुलाला शाळेत कमीपणा वाटला तर तो बहुधा उर्दू न आल्याचा. पुण्याशी तुलना व्हायला पुण्याशी रोजचा संबंध तर हवा! तो आला १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर, आणि पक्का झाला १९६० ला.

लगेच दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, नव्या राज्यासाठी लेखनाचे चौदा नियम मान्य झाले. १९७२ ला त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. कामाच्या दृष्टीने पाहिलं तर नियम सोयीचे होते. उच्चारात नसलेले जुने अनुस्वार गेले, 'कोणचा' आणि 'एकादा' बाद होऊन 'कोणता' आणि 'एखादा' राहिले, छापखान्यातली रोजची भांडणं मिटली. वाद त्यांच्या नावात होता आणि आजही आहे. लोकांनी त्यांना 'लेखननियम' म्हटलं नाही, 'शुद्धलेखनाचे नियम' म्हटलं.

हा शब्द आधीपासूनच गुंत्याचा. शाळेत 'शुद्धलेखन' म्हणजे रोज धड्यातलं एक पान वळणदार अक्षरात उतरवून आणणं. त्यात शुद्ध काय असतं हे कुणी विचारत नसे. व्याकरणात तो ऱ्हस्व-दीर्घाबद्दल बोलतो. आणि ज्या घरांत सोवळं-ओवळं पाळलं जायचं, तिथे 'अशुद्ध'चा अर्थ शिवायचं नाही असा होता. 'नियमाबाहेरचं' म्हटलं तर माणूस नियम बघतो. 'अशुद्ध' म्हटलं तर स्वतःकडे बघतो. त्यातून हे नियम कागदासाठी होते, तोंडासाठी नव्हेच. तरी वर्गात वहीवरची लाल खूण जिभेपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. 'अशुद्ध लिहितोस' आणि 'अशुद्ध बोलतोस' यांत अंतर उरलं नाही.

एका नियमाने तर यात हातभारच लावला. 'असं केलं, सांगितलं' अशी बोलण्यातली रूपं पात्राच्या तोंडी किंवा तशाच कारणाने वापरायची, एरवी 'असे केले, सांगितले'. (हा मजकूर त्या हिशेबाने सबंध एखाद्या पात्राच्या तोंडी आहे.) बोलणं म्हणजे पात्राचं, लेखकाचं नव्हे, अशी ती वाटणी. रंगमंचावर आणि पडद्यावर तिचं पुढचं रूप दिसलं: नायक प्रमाण मराठीत प्रेम करायचा आणि घरगडी बोलीत हशा मिळवायचा. १९६७ ला पाठ्यपुस्तक मंडळ झाल्यावर पाठ्यपुस्तकं राज्यभर एका ठिकाणाहून जाऊ लागली, १९७२ च्या ऑक्टोबरात मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि अकोल्यातल्या मुलाने आपली भाषा ऐकली ती बहुतेक विनोदाच्या जागी.

गंमत अशी की ज्या 'पानी'वर सगळ्यात जास्त हसलं जातं, त्याची बाजू भक्कम आहे. संस्कृतात शब्द आहे 'पानीय', न सकट. त्याचा ण केला प्राकृताने. 'जानाति'चं 'जाणइ' झालं, त्यातून 'जाणणे' आलं. म्हणजे ज्याला आपण शुद्ध म्हणतो तो ण त्या काळच्या संस्कृत पंडिताच्या कानाला बिघडलेलाच वाटला असता. 'प्राकृत' या नावातच साधं, न घडवलेलं हा अर्थ आहे. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तो मिळवताना आपण याच महाराष्ट्री प्राकृताचा दाखला पुढे केला होता.

आता वऱ्हाडी आणि मालवणीतले रील्स लाखोंनी पाहिले जातात. त्यातही विनोदी जास्त, हे मी मोजलेलं नाही, पण पाहणाऱ्याला जाणवेल. 'प्रमाणभाषा' हा शब्द 'शुद्ध'च्या जागी येतोय, तो बरा आहे, निदान मापाबद्दल बोलतो.

माझी मावशी अकोल्याहून फोन करते. मी ऑफिसात असलो की ती आधी विचारते, "बाजूले कोनी हाये काय?" आहे म्हटलं की ती 'मला-तुला'वर येते आणि 'पाणी'तला ण जपून लावते. फोन माझ्या कानाला असतो, तिचं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू जात नसतं.