न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर: गाठीइतकाच तिच्या हार्मोनचाही बंदोबस्त हवा

दिवसाला सात-आठ पातळ जुलाब आणि मधूनच चेहरा, मान, छाती अचानक तापणं. अशी तक्रार घेऊन पुण्यातल्या कुठल्याही दवाखान्यात गेलं की आधी आयबीएसचा (आतड्यात गाठ-जखम नसतानाही पोट बिघडत राहण्याच्या आजाराचा) विचार होतो. बाई पन्नाशीच्या आसपासची असेल तर पाळी जाण्याचा काळ म्हटलं जातं. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण काही जणांत याचं मूळ लहान आतड्यातल्या, हार्मोन तयार करणाऱ्या गाठीत, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरमध्ये असतं आणि ते सापडेपर्यंत वर्षं निघून जातात.

फरक ओळखायच्या खुणा आहेत. आयबीएसचे जुलाब सहसा झोपेतून उठवत नाहीत. हार्मोनमुळे होणारे जुलाब रात्रीही होतात आणि दिवसभर उपास केला तरी थांबत नाहीत. पाळी जाण्याच्या काळात अंग तापतं तेव्हा घाम फुटतो, इथे त्वचा बहुधा कोरडी राहते. आपल्या सावळ्या रंगावर लाली दिसेलच असं नाही, म्हणून ‘चेहरा लाल होतो का?’ यापेक्षा ‘चेहरा गरम होतो का?’ असं विचारावं. दारू, तिखट जेवण, मानसिक ताण यांनी झटका येतो का, हेही पाहावं.

या झटक्यांना कार्सिनॉइड सिंड्रोम म्हणतात. त्यामागे मुख्यतः सेरोटोनिन असतं, शिवाय इतरही काही रसायनं. आतड्यातली गाठ सोडते ते सेरोटोनिन आधी यकृतात जातं आणि तिथे बहुतांश मोडलं जातं. म्हणून गाठ आतड्यापुरती असेपर्यंत त्रास क्वचितच जाणवतो. ती यकृतात पसरली की तिथून निघालेलं सेरोटोनिन थेट हृदयाच्या उजव्या बाजूला पोहोचतं. पुढे फुप्फुसं ते निष्प्रभ करतात, त्यामुळे डावी बाजू बहुधा वाचते. उजवीकडच्या झडपा मात्र जाड आणि ताठ होतात, नीट मिटत नाहीत. पायांवर सूज आणि पोटात पाणी ही त्याची उशिरा दिसणारी चिन्हं. त्यांची वाट पाहू नये. सिंड्रोम असलेल्याची टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) तपासणी ठरावीक काळाने व्हायलाच हवी. यकृतावरची मोठी शस्त्रक्रिया ठरत असेल तर त्याआधी नक्कीच, कारण झडप गळत असेल तर यकृतातल्या शिरांमधला दाब वाढलेला असतो आणि कापताना रक्तस्राव आवरत नाही.

निदानासाठी 24 तासांच्या लघवीतलं फाइव्ह-एचआयएए मोजतात, म्हणजे सेरोटोनिन मोडल्यावर उरणारा पदार्थ. ही तपासणी प्रयोगशाळेपेक्षा घरातच जास्त वेळा बिघडते. केळं, अननस, टोमॅटो, वांगं, अक्रोड, किवी हे पदार्थ आकडा खोटा वाढवू शकतात, म्हणून ते आधीचे तीन दिवस आणि गोळा करण्याच्या दिवशी बंद ठेवावेत. शिकरण, टोमॅटोचं सार, भरीत सगळंच त्यात आलं. श्रावणात उपासाला केळी खाल्ली जातात, तेव्हा दिवस जपून निवडावा. पॅरासिटामॉल आणि ग्वायफेनेसिन असलेलं खोकल्याचं औषधही निकाल बिघडवतं. ते थांबवायचं का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

गोळा करण्याची रीत अशी. सकाळी 7 वाजता उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची. त्यानंतरची प्रत्येक वेळची, दुसऱ्या दिवशी सकाळी 7 ची धरून, कॅनमध्ये साठवायची. कॅनमध्ये अनेकदा ॲसिड घातलेलं असतं, त्यामुळे थेट त्यात न करता स्वच्छ भांड्यात घेऊन अलगद ओतावं. कॅन थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावा. एक वेळची जरी राहिली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, नाहीतर आकडा खोटा कमी येतो.

अशा गाठी रक्तात सोडतात त्या क्रोमोग्रॅनिन-ए या प्रथिनाच्या तपासणीचा घोटाळा वेगळा. पित्तासाठी रोज घेतली जाणारी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळी एकटी तो आकडा कितीतरी पट वाढवू शकते. तेवढ्यावरून घाबरलेली कुटुंबं पाहिली की वाटतं, गोळीची चौकशी आधी झाली असती तर! ही गोळी साधारण दोन आठवडे बंद ठेवून तपासणी पुन्हा करतात. मात्र गॅस्ट्रिनोमाचा (पोटातलं ॲसिड वाढवणारं गॅस्ट्रिन सोडणाऱ्या गाठीचा) संशय असेल तर ती स्वतःहून मुळीच थांबवू नये, अल्सर फुटू शकतो.

एका कमतरतेकडे हमखास दुर्लक्ष होतं. सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनतं आणि शरीर नायसिन हे जीवनसत्त्वही त्याच्यापासूनच बनवतं. एरवी सेरोटोनिनसाठी ट्रिप्टोफॅनचा जेमतेम 1% भाग लागतो, गाठ मात्र निम्म्याहून अधिक पळवू शकते. मग पेलाग्रा होतो: उन्हात राहणाऱ्या भागांवर काळपट, खरखरीत चट्टे, जुलाब आणि विसराळूपणा. (दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरीब कुटुंबांत हा आजार पूर्वी आढळत असे.) भरपाईसाठी निकोटिनामाइड द्यावं. निकोटिनिक ॲसिड नको, त्याने स्वतःच अंग तापतं आणि झटके वाढले की काय, असा गोंधळ होतो.

हार्मोन आवरण्यासाठी महिन्याचं इंजेक्शन असतं: ऑक्ट्रिओटाइड एलएआर 20 ते 30 मिलिग्रॅम नितंबाच्या स्नायूत, किंवा लॅनरिओटाइड 120 मिलिग्रॅम त्वचेखाली खोलवर, दोन्ही दर 28 दिवसांनी. सातारा-सोलापूरहून पुण्यात येऊन औषध घेऊन जाणाऱ्यांनी ते 2 ते 8 अंश तापमानात न्यावं, पण बर्फाला थेट टेकू देऊ नये, गोठलं की वाया जातं. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवावं. एलएआरची पावडर द्रवात पूर्ण भिजू द्यावी आणि मिसळल्यावर लगेच टोचावी. थांबलं तर ते खाली बसतं, सुई तुंबते आणि महागडा डोस अर्धाच जातो. पित्ताशयात खडे आणि साखरेतले चढउतार हे दुष्परिणाम ठाऊक असावेत. जुलाब तेलकट, तरंगणारे झाले तर ते सेरोटोनिनचे नसून औषधामुळे स्वादुपिंडाची पाचकद्रव्यं घटल्याचे असू शकतात. तिथे डोस वाढवून उपयोग नाही, जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात.

भूल, बायोप्सी, क्वचित दात काढणंही गाठीतून हार्मोनचा लोंढा सोडवू शकतं. रक्तदाब कोसळतो आणि नेहमीप्रमाणे ॲड्रेनॅलिन दिलं तर काही रुग्णांत तो आणखी बिघडतो. म्हणून भूलतज्ज्ञाला आणि दंतवैद्याला आजार आधीच सांगावा, ऑक्ट्रिओटाइड हाताशी ठेवायला सांगावं. निदानाचं पत्र पाकिटात असलेलं बरं.

स्वादुपिंडातल्या गाठींची तऱ्हा वेगळी. गॅस्ट्रिनोमात वारंवार अल्सर होतात. व्हीआयपी नावाचं हार्मोन सोडणाऱ्या गाठीत दिवसाला तीन लिटरहून जास्त पाण्यासारखे जुलाब होऊन पोटॅशियम धोकादायक खाली जातं. ग्लुकागॉन हे साखर वाढवणारं हार्मोन सोडणाऱ्या गाठीत सरकत जाणारं पुरळ आणि मधुमेह दिसतो.

इन्सुलिनोमाबद्दल, म्हणजे इन्सुलिन सोडणाऱ्या गाठीबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. एकादशीला, किंवा पहाटे काही न खाता पर्वतीला फिरायला गेल्यावर घाम, बडबड, वेड्यासारखं वागणं, फिट, आणि साखर दिली की दहा-पंधरा मिनिटांत माणूस ठीक. याला चक्कर किंवा अपस्मार समजून वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या जातात. निदानासाठी रुग्णालयात भरती करून 72 तासांपर्यंतचा उपास करवतात. घरी हा प्रयोग कधीही करू नये. साखर डेसिलिटरला 55 मिलिग्रॅमच्या खाली असताना इन्सुलिन मिलिलिटरला 3 मायक्रोयुनिट किंवा त्याहून जास्त आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सुटणारा तुकडा) मिलिलिटरला 0.6 नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर इन्सुलिन शरीरातूनच येतंय हे ठरतं. मधुमेहाच्या गोळ्या चुकून पोटात गेल्या नाहीत ना, हेही तेव्हाच तपासतात. साखरेचा नमुना फ्लोराइडच्या, राखाडी टोपीच्या नळीतच घ्यावा. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात आणि आकडा खोटा कमी येतो. या गाठी बहुधा 2 सेंटिमीटरहून लहान असतात, सुमारे 90% कर्करोगाच्या नसतात आणि काढल्या की आजार संपतो. तोवर थोड्या थोड्या वेळाने खाणं आणि इन्सुलिन आवरणारं डायझॉक्साइड हे औषध. ऑक्ट्रिओटाइड इथे जपून द्यावं लागतं, कारण काही रुग्णांत ते साखर वाढवणारं ग्लुकागॉनही दाबतं आणि साखर आणखी घसरते. त्यामुळे पहिला डोस रुग्णालयातच, साखर मोजत द्यावा.