नेल टेक्निशियन व्हायचंय? नाशिकमध्ये अर्ज कुठं करायचा, कागद कुठले लागतात

कॉलेज रोडला चक्कर मारली की दर दोन बिल्डिंग सोडून नेल स्टुडिओचा बोर्ड दिसतो, त्यामुळे आजकाल मला आठवड्यातून एक तरी मुलगी विचारतेच की ताई कोर्स कुठं करू. मी स्वतः सिडकोत घरूनच नेल एक्स्टेन्शनचं, म्हणजे नकली नखं लावून नख वाढवायचं काम करते. सुरुवातीला मी एका प्रायव्हेट क्लासला चांगले घसघशीत पैसे भरले, शिकवलं तसं ठीक होतं, पण सर्टिफिकेट घेऊन लोनसाठी बँकेत गेले तर मॅनेजर म्हणाले मॅडम हे क्लासचं स्वतःचंच आहे, याला सरकारी काही आहे का? नव्हतं. म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी एक गोष्ट, आपल्याकडे नेलचं काम करायला वेगळं लायसन्स लागत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत परीक्षा देऊन लायसन्स काढावं लागतं, इथं तसं नाही, म्हणूनच कोणीही तीन दिवसांचा क्लास काढतं. सर्टिफिकेट लागतं ते नोकरीला आणि कर्जाला.

सरकारी रस्ते मुख्य तीन आहेत.

पहिला आयटीआय. तिथं नेलचा वेगळा ट्रेड शोधू नका, सापडणार नाही, ट्रेडचं नाव कॉस्मेटॉलॉजी. एक वर्षाचा, दहावी पास पाहिजे, वय किमान 14. यात स्किन, केस, मेकअप सगळं येतं आणि मॅनिक्युअर पेडिक्युअर नेल आर्ट हा त्यातला एक भाग असतो, म्हणजे ॲक्रिलिकचा (पावडर आणि लिक्विड मिसळून नख बनवायचं काम) हात बसायला पुढं वेगळी प्रॅक्टिस करावीच लागते. पण शेवटी एनसीव्हीटीचं, म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेचं सर्टिफिकेट मिळतं, ते देशभर चालतं. हजेरी 80 टक्के लागते, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. लग्नसराईत दांड्या मारणाऱ्या मुली इथंच अडकतात.

अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतो, व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या म्हणजे डीव्हीईटीच्या ॲडमिशन पोर्टलवर, सगळं ऑनलाइन. आधी रजिस्ट्रेशन, मग फी, मग जवळच्या आयटीआयमध्ये ओरिजिनल कागद दाखवून अर्ज कन्फर्म करायचा, सातपूरला त्र्यंबक रोडच्या आयटीआयमध्ये हे होतं. नुसता ऑनलाइन फॉर्म भरून घरी बसलात तर तुम्ही मेरिट लिस्टमध्येच नाही. त्यानंतर ऑप्शन, म्हणजे कुठली आयटीआय कुठला ट्रेड पसंतीनुसार, कॉस्मेटॉलॉजी कुठंकुठं आहे ते तिथंच दिसतं, मुलींच्या आयटीआयसकट सगळं बघून भरा. एक नंबरला टाकलेली जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे मैत्रिणीने टाकलं म्हणून एक नंबरला काहीही टाकू नका!

कागद: दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, डोमिसाईल, फोटो. आरक्षणातून असेल तर जातीचा दाखला, आणि ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीवाल्यांना नॉन क्रिमिलेअर, त्याची तारीख संपलेली नसावी. हे दाखले आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून निघतात, पण जूनमध्ये सेतूला जी गर्दी असते ती बघून रडू येतं, तेव्हा मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा.

आता खरी डोकेदुखी, नाव. लग्न झालेल्या बायकांचं मार्कशीटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, आणि हे फक्त आयटीआयला नाही, खाली सांगतेय त्या सगळीकडेच आडवं येतं. साधा उपाय म्हणजे विवाह नोंदणीचं सर्टिफिकेट, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात होतं, सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, जिथं जवळ असेल तिथं चौकशी करा. काही ठिकाणी गॅझेटही, म्हणजे नाव बदलल्याची राजपत्रातली नोंदही मागतात. माझ्या एका ओळखीच्या बाईचं आधारवर पहिलं नावच बदललेलं होतं, तिला गॅझेटशिवाय कोणी दारात उभं केलं नाही. बँक पासबुक पण आधारवरच्याच नावाने करून घ्या.

दुसरा रस्ता कौशल्य विकासचे छोटे कोर्स, पीएमकेव्हीवाय (प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना) वगैरे. वय 15 ते 45, फी नाही. स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर मोबाईल आणि आधारने ई-केवायसी करायचं आणि जवळचं सेंटर शोधायचं. आधारला मोबाईल लिंक नसेल तर ओटीपीच येत नाही, आधी ते करा. सेंटरवर विचारायचं की कोर्स ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचा आहे का, आणि बाहेरचा असेसर (परीक्षक) येऊन परीक्षा घेतो का. फुकटच्या कोर्सला कोणी "प्रोसेसिंग फी" मागितली तर उठून घरी या.

तिसरा आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. हा मुख्यतः ग्रामीण भागासाठी, म्हणजे दिंडोरी, सिन्नर, इगतपुरीकडच्या मुलींनी हाच बघावा. बँका चालवतात, साधारण महिनाभराचा ब्यूटी पार्लरचा कोर्स, फी नाही, राहणं-जेवण पण तिथंच. वय 18 च्या पुढं. आधार, रेशनकार्ड, पासबुक, शाळेचा दाखला, फोटो. बचत गटात असाल तर पंचायत समितीतल्या उमेदच्या (बचत गटांचं काम बघणारं राज्याचं अभियान) लोकांना विचारा, ते नाव पाठवतात.

प्रायव्हेट क्लासच लावायचा असेल तरी हरकत नाही, खरं सांगायचं तर जेल आणि ॲक्रिलिकचं बारीक काम तिथंच जास्त शिकायला मिळतं. फक्त पैसे भरायच्या आधी सर्टिफिकेटचा नमुना बघा, त्यावर कुठल्या बोर्डाचं नाव आहे ते बघा, आणि त्या बोर्डाच्या वेबसाइटवर सेंटर दिसतं का तपासा. किती जिवंत मॉडेलवर हात बसवून देणार तेही विचारा, नुसत्या प्लास्टिकच्या टिप्सवर शिकून उपयोग नाही. आणि ॲक्रिलिकचं लिक्विड कुठलं वापरतात ते विचाराच, एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) असेल तर नको, नख खराब होतं आणि काढताना जीव जातो, ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) पाहिजे.

शिकून झाल्यावर लोन हवं असेल तर राज्याची सीएमईजीपी, म्हणजे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, जिल्हा उद्योग केंद्रातून. ऑफिस सातपूरला उद्योग भवनात, आयटीआयच्या जवळच. वय 18 ते 45, बायकांना 5 वर्षं सूट. बायकांना शहरात 25 टक्के आणि ग्रामीण भागात 35 टक्के सबसिडी, पण ती लगेच हातात येत नाही, 3 वर्षं बँकेत अडकून राहते. प्रोजेक्ट रिपोर्ट, आधार, पॅन, शिक्षणाचे आणि ट्रेनिंगचे कागद लागतात, आणि माझं घोडं अडलं ते इथंच. पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेच्या मागे लागू नका, त्याच्या 18 कामांत न्हावी आहे, नेल नाही.

सोबत उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी करून टाका, फुकट आहे, आधार-पॅनवर दहा मिनिटांत होते, त्यात व्यवसायाचा कोड 96020 (केस आणि ब्यूटीची कामं) टाकायचा. एकटीचं छोटं दुकान असेल तर शॉप ॲक्टला लायसन्स नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती बँकेत चालते.